वजन जास्त, पण रिपोर्ट नॉर्मल? मग तपासणी या क्रमानं करा

चेकअपचा कागद हातात येतो. साखर ९६, बीपी १२६/८२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४२. कुठेच जाड अक्षर नाही, बाण नाही. वजन मात्र हवं त्यापेक्षा पंधरा-वीस किलो जास्त. घरात निकाल लागतो, "जाड आहे, पण आतून एकदम फिट." यातला दुसरा भाग पुष्कळदा तपासणीच्या चुकीतून आलेला असतो. रक्ताचा नमुना चुकीच्या दिवशी घेतलेला असतो, बीपीचा पट्टा चुकीच्या मापाचा असतो, किंवा जिथे बिघाड सुरू झालाय तो अवयव पॅकेजमध्येच नसतो.

आणि तपासणी बिनचूक असली तरी "नॉर्मल" हा त्या दिवसापुरता शब्द आहे. ब्रिटनमधल्या ३५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०१७ साली आलेल्या अभ्यासात बीपी, साखर आणि चरबी तिन्ही ठीक असलेल्या लठ्ठ माणसांना सडपातळ निरोगी माणसांपेक्षा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ४९ टक्के जास्त आढळला, आणि हार्ट फेल्युअर जवळजवळ दुप्पट. अमेरिकेतल्या ९० हजार परिचारिकांच्या पाहणीत सुरुवातीला निरोगी असलेल्या लठ्ठ बायकांपैकी ८४ टक्के २० वर्षांत त्या गटातून बाहेर पडल्या. म्हणून एकदा नीट, ठरलेल्या क्रमानं तपासायचं आणि मग ठराविक अंतरानं पुन्हा.

खालच्या पायऱ्यांना साधारण आठ-नऊ दिवस लागतात. पहिल्या दिवशी टेप, सात दिवस बीपी, आठव्या दिवशी रक्त आणि लघवी.

१. आधी ठरवा: तुम्ही या गटात आहात का

वजन जास्त पण रिपोर्ट नॉर्मल, असा हा गट. चार आकडे पाहायचे. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत. बीपी १३०/८५ च्या आत. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या वर, बायकांत ५० च्या वर.

इथली नेहमीची चूक म्हणजे औषध विसरणं. बीपीची गोळी घेऊन बीपी १२० असेल, तर तो आकडा नॉर्मल धरायचा नाही. साखरेची आणि चरबीची गोळी असेल तरी तेच. गोळी चालू आहे म्हणजे तुम्ही या गटात नाही. तुमची तपासणी तुमच्या डॉक्टरांच्या वेळापत्रकानं होईल.

दुसरी चूक एचडीएलची. पुष्कळ लॅब पुरुष-बाई न पाहता "४० च्या वर" अशी एकच ओळ छापतात. बाईचं एचडीएल ४४ असेल तर कागद गप्प बसतो, पण ते कमीच आहे.

आता तुमचे मागच्या तीन-चार वर्षांचे कागद काढा आणि उपाशीपोटीची साखर एका ओळीत लिहा. ८८, ९२, ९६, ९९ अशी ओळ निघाली तर चारही वर्षी रिपोर्ट नॉर्मल होता आणि चारही वर्षी साखर चढत होती. एकेका कागदावर हे कधीच दिसत नाही.

खबरदारी: गरोदर बायकांनी आणि बाळंतपणाला सहा महिने पूर्ण न झालेल्यांनी ही मापं स्वतःला लावू नयेत.

२. टेप: पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

वजनकाटा एकटा पुरेसा नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांतला ३० चा आकडा इथे लावला तर बरेच जण सुटून जातात. या लेखात एक नमुन्याचा माणूस धरू: पुरुष, वय ४६, उंची १६४ सेंमी, वजन ७८ किलो. ७८ भागिले १.६४ चा वर्ग म्हणजे २.६९, उत्तर २९.

पण खरी खबर पोट देतं. कातडीखालची चरबी तुलनेनं निरुपद्रवी असते. यकृत, आतडी आणि स्वादुपिंड यांच्याभोवतीची चरबी त्रास देते, आणि आपल्या लोकांत ती कमी वजनालाही साठते.

मोजायची रीत अशी. सकाळी, पोट रिकामं असताना, कपड्यावरून नाही. शेवटची बरगडी बोटानं शोधा. खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं खूण करा. दुसऱ्या बाजूलाही. टेप त्या खुणांवरून, जमिनीला समांतर. श्वास सहज सोडा, आणि सोडून झाल्यावर वाचा. पोट आत घ्यायचं नाही. दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. त्याहून सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. आपल्या नमुन्याच्या माणसाला ८२ सेंमी चाललं असतं, त्याची भरते ९८. भागाकार ०.६.

पडताळा: पँट ३४ ची घालतो म्हणून कंबर ३४ असं नाही. पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याची कंबर पँटच्या नंबरापेक्षा सहज पाच-सहा इंच जास्त निघते. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते. ती स्टीलच्या पट्टीशी लावून पाहा.

टेप हातात आहेच तर मान आणि उजवा दंडही मोजून ठेवा. मान पायरी ७ मध्ये लागेल. दंड आत्ताच लागतो.

३. बीपी: सात दिवस, घरी, योग्य पट्ट्यानं

दवाखान्यात एकदा पाहिलेल्या बीपीवर विसंबू नका. काहींचं दवाखान्यात वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्यात ठीक आणि घरी, कामावर किंवा रात्री जास्त, असंही होतं. वजन जास्त असलेल्यांत आणि घोरणाऱ्यांत ते विशेष आढळतं, आणि नेमकं तेच नजरेतून निसटतं.

पट्टा आधी. दंड २७ ते ३४ सेंमी असेल तर नेहमीचा मोठ्या माणसाचा पट्टा, ३५ ते ४४ असेल तर त्याच्या वरचा मोठा. कोणत्या दंडासाठी आहे ते पट्ट्यावरच छापलेलं असतं. जाड दंडावर लहान पट्टा लावला की आकडा खोटा वर जातो. पट्टा फुगताना वेल्क्रो करकर करत सुटायला लागला, तर तो लहान आहे. उलट हात छातीपेक्षा वर ठेवला, सोफ्याच्या पाठीवर टाकला, तर दर १० सेंमीमागे वरचा आकडा साधारण सात-आठनं खाली येतो आणि खरं बीपी दडून जातं.

रीत:
- मोजण्याआधी अर्धा तास चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), सिगारेट, व्यायाम काही नाही. खर्रा थुंकून लगेच बसलात तर निकोटिनचा आकडा येईल, तुमचा नाही.
- लघवीला जाऊन या.
- पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प. मोबाइल बाजूला.
- दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला.
- एक मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा. सकाळी दोन, रात्री दोन.

सात दिवसांत २८ नोंदी होतील. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्या, उरलेल्या २४ ची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर गेली की ते वाढलेलं बीपी, दवाखान्यात काहीही दिसो.

नागपूरकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घाम जातो, बीपी काही अंकांनी खाली येतं. मे महिन्यातलं १२८ डिसेंबरच्या कडाक्यात १३५ च्या वर जाऊ शकतं. म्हणून वर्षातून एकदाच सात दिवस मोजणार असाल, तर ते हिवाळ्यात मोजा.

खबरदारी: १८०/१२० किंवा वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूला कमजोरी किंवा नजर अंधुक होणं असेल, तर नोंदवही सोडा आणि तडक दवाखाना गाठा.

४. रक्ताच्या दिवसाची तयारी

सर्वात जास्त घोळ इथेच होतो.

आठवडाभर आधीपासून "रिपोर्ट चांगला यावा" म्हणून भात-पोळी बंद करणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. तुम्हाला तुमची नेहमीची अवस्था मोजायची आहे. शिवाय पायरी ५ मधली ग्लुकोज चाचणी करायची असेल, तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. तीन दिवस उपाशी राहून ग्लुकोज प्यायलं, तर निरोगी माणसाचीही साखर वर दिसू शकते.

तीन दिवस दारू नाही. आदल्या रात्री सावजी रस्सा किंवा लग्नाची पंगत नाही, ट्रायग्लिसराइड त्यानं उडतं. जिममध्ये जड वजनं उचलत असाल तर दोन-तीन दिवस थांबा, कारण दुखावलेल्या स्नायूंतून एएसटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) रक्तात येतं आणि पायरी ६ मधल्या यकृताच्या हिशेबात शिरतं. ताप येऊन गेला असेल तर तीन-चार आठवडे जाऊ द्या. डेंग्यू झाला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा कागद हाती येईपर्यंत यकृताचा हिशेब करूच नका.

आदल्या रात्रीचं जेवण आठ-साडेआठला आटोपा. दहा-बारा तास उपास, पाणी चालतं, आणि उन्हाळ्यात ते प्यायलाच हवं. "फक्त दोन घोट चहा" म्हणजे उपास मोडला. खर्राही नाही.

आता नमुना. बाटलीत काढलेलं रक्त जिवंत असतं. त्यातल्या पेशी साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के, उष्णतेत त्याहून भरभर. म्हणजे तुमची खरी साखर १०४ असेल आणि नमुना तासभर तसाच राहिला, तर लॅबमध्ये ९८ निघते. प्रीडायबिटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, जागच्या जागी "नॉर्मल" झाला. मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं, आणि घरून नमुने गोळा करणारा पोरगा स्कूटरच्या पायाशी बॅग ठेवून धरमपेठेतून मानेवाड्यापर्यंत आठ-दहा घरं करून मग लॅबला पोचतो. राखाडी टोपणाच्या बाटलीत साखर टिकवणारं फ्लोराइड असतं, पण त्याचा परिणाम व्हायलाही तास-दोन तास जातात.

त्यामुळे या एका तपासणीसाठी घरपोच सेवा टाळा. लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, आणि विचारा, "नमुना इथेच फिरवता का, आणि किती वेळात?" अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग) वेगळा होत असेल तर ठीक. घरीच द्यावं लागलं, तर बर्फाची पिशवी असलेला डबा आहे का ते पाहा आणि पहिल्या नव्हे, शेवटच्या घरात आपला नंबर लावून घ्या.

५. काय मागायचं, काय सोडायचं

मागा: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), पूर्ण लिपिड (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड), एएसटी आणि एएलटी (यकृतासाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). ते वजनाशी फारसं बांधलेलं नसतं, वारशानं येतं, आणि जास्त असेल तर बाकी सगळं नॉर्मल असूनही हृदयाचा धोका वाढवतं. ५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर ते जास्त.

सोडा: उपाशीपोटीचं इन्सुलिन. पॅकेजवाले आवर्जून घालतात, पण प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, सर्वमान्य मर्यादा नाही, आणि आकडा पाहून उपचार बदलत नाही. ट्यूमर मार्करांची जंत्रीही सोडा. तिच्यातून काळजीशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

एचबीएवनसी वाचताना विदर्भात एक जास्तीचा प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशींचा वारशानं येणारा आजार. हा आकडा तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. फक्त वाहक असलेल्यांत काही यंत्रं बरोबर आकडा देतात, काही चुकतात. लोहाच्या कमतरतेत उलट होतं, आकडा खोटा वर जातो. म्हणून सीबीसीतलं हिमोग्लोबिन आधी पाहा. ते कमी असेल, घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा नुकतंच रक्त दिलं किंवा घेतलं असेल, तर एचबीएवनसीवर विश्वास टाकू नका. प्लाझ्मा ग्लुकोजवरच निर्णय घ्या. वाहक आहात की नाही हे माहीतच नसेल तर सरकारी रुग्णालयात सिकलसेलची तपासणी करून घ्या.

ग्लुकोज चाचणी कुणी करावी? कंबर जास्त आणि सोबत यातलं एखादं: आईवडिलांना मधुमेह, गरोदरपणात साखर वाढलेली, पीसीओएस (बायकांतला बीजांडकोश आणि हार्मोनचा बिघाड), उपाशीपोटी ९५ च्या वर, एचबीएवनसी ५.५ च्या वर किंवा भरवशाचा नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचं, आणि दोन तास बसून राहायचं. हे दोन तास सीताबर्डीला खरेदी करत फिरलात तर स्नायू साखर ओढून घेतात आणि चाचणी वाया जाते. दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबिटीस, २०० पासून मधुमेह. आपल्या लोकांत उपाशीपोटीची साखर ठीक आणि नंतरची बिघडलेली, असं पुष्कळदा निघतं.

पडताळा: त्रास काही नसताना एकाच चाचणीवर मधुमेहाचा शिक्का मारायचा नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा, किंवा दुसरी चाचणी जुळली पाहिजे.

लिपिडच्या कागदावर एक वजाबाकी स्वतः करा: एकूण कोलेस्टेरॉल उणे एचडीएल. पोटाच्या चरबीत एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा साधारण दिसतो, पण कण लहान आणि संख्येनं जास्त असतात. ही वजाबाकी १३० च्या वर गेली की कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

६. यकृत: सोनोग्राफीवर थांबू नका

यकृतात चरबी साठते तेव्हा दुखत नाही. एएलटी नॉर्मल असलं तरी चरबी असू शकते, सूजही असू शकते. साधी सोनोग्राफी थोडी चरबी पकडत नाही. यकृताच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भाग भरला तेव्हा कुठे ती नीट दिसते, आणि जाड पोटातून ध्वनीलहरी नीट जातही नाहीत. उलट बाजूही आहे. "ग्रेड १ फॅटी लिव्हर" असा कागद असतो आणि घरचे म्हणतात, "ते तर सगळ्यांनाच असतं." असतं खरं. पण त्यातल्या कुणाच्या यकृतात वण पडायला लागले, हे ग्रेडवरून कळत नाही.

त्यासाठी फिब-४ नावाचा हिशेब आहे. जास्तीचा पैसा लागत नाही.

वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ.

नमुन्याचा माणूस: वय ४६, एएसटी ३८, एएलटी ४४, प्लेटलेट २.१ लाख.
वरचा भाग: ४६ × ३८ = १७४८.
४४ चं वर्गमूळ ६.६३. प्लेटलेट २१० धरायच्या. २१० × ६.६३ = १३९२.
उत्तर १७४८ ÷ १३९२ = १.२६.

चूक प्लेटलेटमध्ये होते. आपल्याकडे रिपोर्ट लाखांत असतो. २.१ तसंच टाकलं तर उत्तर १२६ येतं आणि माणूस घाबरतो. लाखाच्या आकड्याला १०० नं गुणा: २.१ म्हणजे २१०.

१.३ च्या आत असेल तर वणांची शक्यता कमी, दोन-तीन वर्षांनी पुन्हा. साखर प्रीडायबिटीसमध्ये असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. १.३ ते २.६७ मध्ये असेल तर यकृताचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी. त्यावर असेल तर पोटविकारतज्ज्ञ. वय ६५ च्या पुढे खालची मर्यादा २ धरा. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही, तिथे डॉक्टरांनी थेट इलॅस्टोग्राफीचा विचार करावा. ती करायला जाल तेव्हा मोठ्या शरीरासाठीचा प्रोब आहे का ते फोनवरच विचारा. नेहमीचा प्रोब जाड थरातून नीट वाचत नाही.

आपल्या माणसाचं उत्तर १.२६, म्हणजे काठावर. त्याच्या प्लेटलेट २.१ ऐवजी १.६ लाख असत्या तर उत्तर १.६५ आलं असतं, आणि तरीही सीबीसीत सगळं "नॉर्मल"च छापून आलं असतं.

७. झोप

आठ प्रश्न, प्रत्येक "हो"ला एक गुण. बंद दाराबाहेर ऐकू जाईल असं घोरता? दिवसा थकवा, पेंग? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय? बीपी आहे? बीएमआय ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मान ४० सेंमीच्या वर? पुरुष?

०-२ कमी धोका, ३-४ मध्यम, ५ किंवा वर जास्त. तीनपासून पुढे डॉक्टरांना सांगून झोपेची तपासणी करून घ्या, ती घरीही होते.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊ नका, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आणि तेही उन्हाळ्यात नको. कूलरच्या घरघरीत घोरणंही बुडतं आणि श्वास थांबल्याची शांतताही. थंडीतल्या रात्री पंखा बंद करून उशाशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. जोरात घोरणं, मग दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग दचकून मोठा श्वास, असं ऐकू आलं तर ते रेकॉर्डिंगच डॉक्टरांना ऐकवा.

खबरदारी: समृद्धी महामार्गावर गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत लांब पल्ल्याला स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

८. हृदय, किडनी, गुडघे आणि बायकांचे दोन प्रश्न

ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठीक, असं नाही. लठ्ठपणात हृदय नीट आकुंचन पावतं, पण ताठर होतं, नीट सैलावत नाही. पहिली खूण असते धाप. मागच्या दिवाळीत दोन जिने एका दमात चढत होतात आणि आता पहिल्यावर थांबता, तर "वजनामुळे" म्हणून सोडू नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हार्ट फेल्युअरसाठीची बीएनपीची रक्तचाचणी लठ्ठ माणसांत मुळातच कमी येते. त्यामुळे ती नॉर्मल असली तरी धाप खरी मानायची.

लघवीतलं गुणोत्तर ३० च्या आत हवं. साध्या लघवी तपासणीत "अल्ब्युमिन निल" लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही, थोडी गळती त्यात सापडत नाही. पाळी, ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा कडक व्यायाम असेल तर नमुना देऊ नका. वर आलं तर तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा. तिनापैकी दोनदा जास्त आलं तरच खरं.

गुडघ्यांना आणि मांड्यांना एक सोपी परीक्षा: हाताच्या घड्या छातीवर घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू मागे पडलेत. वजन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज इथे पाच उठबशांत मिटतो.

बायकांसाठी: पाळी गेल्यानंतर एकदाही, एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेले १३ प्रकारचे कॅन्सर २०१६ साली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं नोंदवले, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा आहे. रक्ताचे सगळे आकडे नॉर्मल असले तरी हा धोका त्यात दिसत नाही. आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर "गॅस" म्हणून ओव्यावर भागवू नका, पित्ताशय पाहून घ्या.

९. एका कागदावर मांडणी

आता सगळं एका पानावर लिहा: कंबर-उंची भागाकार, घरच्या बीपीची सरासरी, उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर, कोलेस्टेरॉलची वजाबाकी, फिब-४, लघवीचं गुणोत्तर, झोपेचे गुण, उठबशांचे सेकंद. फाइलचा गठ्ठा नेऊ नका. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत डॉक्टरांपुढे मोजकी मिनिटं असतात, तिथे हे पान चालतं. फॅमिली डॉक्टरांकडेही तेच न्या.

एकही खोट निघाली तर "आतून फिट" ही पाटी काढा आणि त्या अवयवाचा उपचार सुरू करा. एकही निघाली नाही तर दरवर्षी हेच पुन्हा (फिब-४ मात्र पायरी ६ मधल्या अंतरानं), बीपी दर हिवाळ्यात, कंबर दर महिन्याला. वजन तेवढंच राहून कंबर दोन-तीन सेंमी वाढली, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

१०. वजन उतरवताना होणाऱ्या चुका

पहिलं उद्दिष्ट वजनाच्या ५ टक्के. आपल्या ७८ किलोच्या माणसाला चार किलो. यकृतातली चरबी एवढ्यानंही हलते. ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, यावर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत प्रीडायबिटीसवाल्यांतला मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. गुडघ्याचं म्हणाल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. दीड किलोच्या वर सतत उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. लग्नाआधी दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

नुसतं चालून भागत नाही. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला रोज फेरी मारणाऱ्यांनीही आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा उठबशांचा व्यायाम घालावा, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात. आणि फेरीनंतर तर्री पोह्यांची एक प्लेट, वर सामोसा, असं झालं की चालण्यातून जे गेलं त्याहून जास्त परत आलं. संत्री खा, रस नको. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकला जातो.

एप्रिल ते जूनमध्ये चालणं सूर्य वर येण्याआधी आटोपा. बीपीची गोळी नव्यानं सुरू झाली असेल तर उन्हाळ्यात उठताना गरगरतं का ते पाहा, आणि गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना फोन करा.

वजन कमी करायची इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून आणून टोचू नका. पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास आणि घरातला थायरॉइडच्या कॅन्सरचा इतिहास आधी विचारावा लागतो, आणि मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवावी लागते.

चार किलो उतरल्यावर तीन महिन्यांनी पायरी २, ३ आणि ५ पुन्हा करा. तोच पट्टा, तीच लॅब, तीच वेळ. लॅब बदलली तर दोन आकड्यांतला फरक तुमचा की यंत्राचा, हे सांगता येणार नाही.